दोघांच्या होडीतली पुढची जागा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते होडी वर आणायचं.

रविवार होता. फाल्गुन लागला होता. आमच्याकडं धरणाचं पाणी दिवाळीत अगदी परसापर्यंत असतं, मग रोज थोडं थोडं मागं सरकतं. फाल्गुनात होडीतून उतरलं की पुढं चिखल, मग गोटे, मग वाळलेलं गवत, आणि मग आमचं घर. बायको पुढची मूठ धरून चालली होती, मी मागची. अर्ध्या चढावर तिनं होडी खाली ठेवली आणि वळून माझ्याकडं बघितलं.

"आवो, तुमी उचलता का ढकलता?"

"उचलतोय की."

"मंग मना मागून रेटतंय कोण?"

मी म्हटलं, होडीलाच घरची घाई झालीय. ती काही हसली नाही. माझी रेल्वेतली जुनी पँट तिनं वर ओढली, नाडी परत बांधली आणि पुन्हा मूठ धरली. परसात रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर टाकलेत, त्यावर आम्ही होडी पालथी घातली. मग मीठ संपलंय असं सांगून ती आत गेली.

बुधवारी ती वारली. छातीत दुखतंय म्हणाली. शहापूरला नेताना वाटेत जीपवाल्याला खड्डे दाखवत होती, आणि मग बोलायची थांबली. त्यापुढचं मला लिहिता येत नाही, आणि लिहून काही उपयोगही नाही.

मी शिकलेला माणूस नव्हे. चौथीनंतर शाळा सुटली. कसाऱ्याला घाटात गँगमन म्हणून सगळी नोकरी काढली, रूळ ठोकले, खडी उपसली. आमच्या वस्तीत कोणाची जमीन नव्हती, धरण झालं तेव्हा बुडायलाही काही नव्हतं. पाण्याशी आमचा संबंध म्हणजे धुणं, म्हशी आणि मळे मासे. त्यामुळं समुद्रात होडी घालायच्या गोष्टी मी लिहायला बसलो हे वाचून ओळखीचे लोक हसतील. हसू देत.

झालं असं की मुरबाडच्या एका शाळेतले खेळाचे सर होते. त्यांना कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या होड्या मिळाल्या. कयाक म्हणतात त्यांना. लांब, अरुंद, माणूस आत कमरेपर्यंत घुसून बसतो आणि दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं मारतो. सरांनी शहापूर, मुरबाड, खर्डीकडची हौशी माणसं जमवली. मास्तर, नर्सबाई, एक मेडिकलवाला, एक दोन कंपनीतले. दर रविवारी पाण्यावर जायचं ठरलं. पाण्याला सगळ्यांत जवळचं घर आमचं, म्हणून होड्या आमच्या परसात आल्या. मी राखण करीन म्हटलं. बसायचं माझ्या डोक्यात नव्हतं.

तिच्या डोक्यात होतं. पहिल्याच महिन्यात मला म्हणाली, परक्या माणसांनी मुरबाडवरून यायचं आणि आपल्या दारातून पाण्यात जायचं, आणि आपण काय त्यांच्या चपला सांभाळायच्या? सरांकडं ती स्वतः गेली. सरांना वाटलं चहाचं विचारायला आली. ती म्हणाली, आमाला दोघांना बसायचं हाय, दोघांची होडी हाय ना ती.

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा माणूस वल्ह्याचा ठेका धरतो आणि मागचा पायांनी सुकाणू फिरवतो. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. पुढच्याला मागचं काही दिसत नाही. ती पुढं बसली, कारण मला सुकाणू दिलं तर मी गप्प राहीन असा तिचा हिशेब होता. ती मात्र गप्प राहायची नाही. हात चालू आणि तोंड चालू. दमला का? बघा तो बगळा. पाय आखडला का? मी म्हणायचो, गो बाय, जरा पाण्याचा आवाज ऐकू दे. ती म्हणायची, तो आपण घरी गेल्यावर पण येणार हाय.

सर गोड बोलायचे, पण नियमाला कडक. पहिला नियम पलटीचा. होडी मुद्दाम उलटी करायची, पाण्याखाली डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत कमरेभोवतीचं रबरी कापड ओढून काढायचं, बाहेर यायचं, होडीला धरून राहायचं आणि परत वर चढायचं. त्या कापडाला स्कर्ट म्हणतात. या वयात नवऱ्यानं स्कर्ट घातला म्हणून तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं. पलटी तिला पहिल्या फेरीत जमली. मी घाटातला माणूस, बोगद्यात गाडी अंगाशेजारून जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभा राहिलेला, आणि पाण्याखाली मात्र डोळे मिटून होडीलाच मिठी मारून बसलो. सरांनी ओढून काढलं. पुष्कळ रविवार गेले तेव्हा मला ते आलं, आणि तेही फक्त दोघांच्या होडीत. एकट्याच्या होडीत माझे गुडघे बसतच नाहीत.

दुसरा नियम हजेरीचा. प्रत्येकाला एक जोडी नेमलेली. पाण्यावर किंवा काठावर सर हजेरी घेत तेव्हा आपण आपल्यासाठी बोलायचं नाही, जोडीदारानं बोलायचं. सरांचं म्हणणं असं की जो माणूस अडचणीत आहे तो मी बरा आहे असंच सांगतो, म्हणून त्याला विचारायचंच नाही. आमच्या वेळी ती माझ्यासाठी म्हणायची, "म्हातारा हाय." आणि मी तिच्यासाठी, "तोंड चालू हाय, म्हणजे हाय."

पावसाळ्यानंतर समुद्रावर जायचं हे सरांनी त्याच फाल्गुनात जाहीर केलं होतं. पालघरकडं एका कोळ्यांच्या वाडीत राहायचं, सकाळी वारा नसताना खाडीच्या तोंडापासून पुढच्या वाळूपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिनं समुद्र पाहिला होता तो दादरला, सहा डिसेंबरला आम्ही दरवर्षी जायचो तेव्हा, माणसांच्या डोक्यांवरून. ती म्हणायची, लांबून बघितला, आता त्याच्यात बसून बघायचा हाय. शेजारणींना तिनं सांगूनही टाकलं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाला सगळा गट पांढरे कपडे घालून आला. सर विहारात मागं भिंतीला टेकून बसले. कोणी होडीचं नाव काढलं नाही. पावसाळाभर होड्या परसात पालथ्या पडल्या. दिवाळीनंतर रविवारी लोक परत यायला लागले तेव्हा मी बाकीच्या होड्या उचलू लागायचो, पण दोघांच्या होडीला हात लावू दिला नाही. मी पाण्यावर गेलो नाही. काठावर बसून हजेरीच्या वेळी कोण कोणासाठी बोलतंय ते ऐकायचो. माझं नाव सर घ्यायचे नाहीत. घेतलं असतं तरी उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

पौषात सर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, लांबलेलं समुद्राचं आता फाल्गुनात करू, तुम्ही यायचं, आणि त्या होडीतून यायचं. मी म्हटलं, येईन, पण पुढची जागा रिकामी ठेवून. सरांनी नकारार्थी मान हलवली. बसायची खोबण रिकामी असली की तिच्यात पाणी शिरतं, ते आतल्या आत डुचमळतं आणि होडी लाटेवर उलटते. मी म्हटलं, मग तिथं तेवढ्या वजनाचे दगड ठेवू.

"दगड वल्हं मारत नाय," सर म्हणाले.

"मग मी येत नाय."

"नका येऊ. पण रिकामी जागा घेऊन मी तुम्हाला पाण्यात सोडणार नाय."

ते उठून गेले. मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. तिला जायचं होतं तिथं मला जायचं होतं. आणि तिच्या जागेवर दुसरं माणूस बसलेलं मला बघायचं नव्हतं. मागं बसलं की दिवसभर समोर ती पाठच दिसते. दोन्ही गोष्टी एकदम होणार नव्हत्या, आणि मला एकही सोडायची नव्हती.

घरात आम्ही तिघं उरलो होतो. लेक हायवेच्या कामावर, महिन्यातून एकदा येतो, म्हणजे खरं तर दोघंच. सून आणि मी. मला ती मामा म्हणते आणि सासूला आत्या म्हणायची, आमच्याकडं तशीच पद्धत. रोज खर्डीहून गाडी पकडून कल्याणला कामाला जाते, संध्याकाळी येते. माझ्याशी तिचं भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. आमच्या दोघांमधलं सगळं बोलणं सासूच्या मार्फत चालायचं. मामांना विचारा भाकरी खाणार का भात. तिला सांग भात. सासू गेल्यावर सून ताट झाकून ठेवायची आणि मी न विचारता खायचो. त्यात आम्हा दोघांचीही सोय होती.

माघातल्या एका रविवारी ती उतारावरून खाली आली ती सासूचं लाइफ जॅकेट घालून. सरांना म्हणाली, पुढं मी बसते. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी म्हटलं, "तुला पोहता येतं का?"

"येतं. माझं माहेर काळू नदीवर हाय, तुमीच बघायला आलता."

सगळे हसले. नाही म्हटलं असतं तर तिला सगळ्यांसमोर परत घरी पाठवावं लागलं असतं, आणि ते मी केलं नसतं हे तिला ठाऊक होतं. सासूकडून एवढं शिकली होती.

त्या दिवशी ती गुडघे छातीला लावून बसली होती. पुढच्या खोबणीत पाय टेकवायच्या पट्ट्या असतात, त्या सासूच्या मापाच्या होत्या, आणि सासू अगदी बुटकी. सरांनी पट्ट्या सरकवायला हात घातला तेव्हा मी नको म्हटलं. सून सकाळभर तशीच वल्हं मारत राहिली, आणि उतरल्यावर काठावर बराच वेळ वाकून उभी होती. शनिवारी ती कामावर असताना मी पाना घेतला आणि पट्ट्या पुढं सरकवल्या. रविवारी ती बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "आता बसतंय." एवढंच.

पलटी तिला लवकर आली. ठेकाही चांगला होता, लांब आणि सावकाश. पण पाण्यावर आम्ही घरातल्यासारखेच मुके. ती पुढं, मी मागं, मधून शब्द जात नव्हता.

समुद्रावर गेलो तेव्हा जीपच्या टपावर होड्या बांधल्या होत्या. कोळीवाड्यात एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. तिनं होडीवर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "ही पोरांची का मोठ्यांची?" सून म्हणाली, म्हाताऱ्यांची. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, उन्हं वर यायच्या आत परत फिर, दुपारी वारा उठतो, तो तुला विचारणार नाय.

वाळूवर सरांनी एकेकाची तपासणी केली. जॅकेटचे पट्टे, शिट्टी, टोपी, पाणी. आता हे पाण्याचं सांगतो. आमच्या धरणावर पाण्याची बाटली कोणीच नेत नाही. तहान लागली की होडीतून हात खाली घालायचा आणि ओंजळीनं प्यायचं. मुंबईला जे पाणी नळानं जातं ते आम्ही उगमाशी पितो, अशी आमची ऐट. सर विचारायचे पाणी आहे का, आणि आम्ही सगळे हाय म्हणायचो. समुद्रावर बाकीच्यांनी आठवणीनं बाटल्या आणल्या. सुनेनं तिची पुढं दोरीनं बांधली. मला सरांनी विचारलं, पाणी? मी म्हटलं, हाय. खोटं बोलायचं म्हणून नाही, जीभच तशी वळलेली. खोबणीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडं काही नाही. मी म्हटलं, सकाळचा तर प्रवास आहे, जाऊ दे.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो आणि होडी खालून उचलली गेली. लाट फुटत नव्हती, नुसती येत होती. धरणाचं पाणी वाऱ्यानं हलतं, ते वरवर हलतं. हे पाणी खोल आतून हलत होतं. उचलायचं, खाली ठेवायचं, परत उचलायचं. किनारा लहान झाला. मला वाटलं, गो बाय, तू म्हणत होतीस ते हेच. आणि समोर सुनेची पाठ होती. जॅकेट तेच, पाठ मोठी. मी त्या पाठीकडं न बघता तिच्या बाजूनं बघायला शिकलो होतो.

पलीकडच्या वाळूपर्यंत नीट गेलो. थोडं बसून परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली. सवयीनं हात खाली गेला आणि ओंजळ तोंडाला लागली. मिठाचा गोळा. थुंकलो. सुनेला ते कळलं नाही, कळणार कसं, तिची माझ्याकडं पाठ. बाटली तिच्या पुढ्यात. नुसतं पाणी दे म्हणायचं होतं. पण त्या जागेशी मी वर्षभर बोललो नव्हतो. मागायला तोंड उघडलं की काय बाहेर येईल याचा मला भरवसा नव्हता. नाही मागितलं.

मग डोकं हलकं झालं. पायाखाली सुकाणू आहे हे मला माहीत होतं, पण पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे झाले. वारा उठला होता. होडी हळूहळू आडवी होत गेली. सुनेनं "मामा, सरळ घ्या" असं म्हटलेलं मला ऐकू आलं. घेतो म्हणालो असं मला वाटलं, पण ते मी मनातच म्हणालो असणार. पुढची लाट कुशीवर आली आणि आम्ही गेलो.

खारं पाणी डोळ्यांत, नाकात. पण हात शिकलेला होता. हातानं कापड ओढलं आणि मी वर आलो. होडी पालथी, पांढरं पोट वर. सून दिसेना. होडीच्या या बाजूला मी, त्या बाजूला काय ते मला दिसत नव्हतं. सर शिट्टी वाजवत येत होते. त्यांनी लांबूनच हजेरीची आरोळी दिली. त्या बाजूनं लगेच आवाज आला.

"मामा हाय! होडी धरून हाय, हात दिसतोय मना!"

मग सर थांबले. पुन्हा विचारलं. मला आधी समजलं नाही की आता कोणाची पाळी. सुनेसाठी बोलणारा मीच होतो. घशात मीठ भरलं होतं. जोर लावला तेव्हा आवाज निघाला.

"पोरगी हाय."

सरांनी त्यांची होडी आमच्या होडीला काटकोनात लावली, नर्सबाई दुसऱ्या बाजूनं आल्या. होडीचं टोक उचलून पाणी सांडलं, सरळ केली, पंपानं उरलेलं उपसलं. सून आधी चढली. मग तिनं आणि नर्सबाईंनी मिळून मला जॅकेटच्या पट्ट्याला धरून ओढून घेतलं, पोत्यासारखं. कोणी घाबरलं नाही, सगळं शिकवल्याप्रमाणं झालं. घाबरायचं ते मी नंतर घाबरलो.

सुनेनं वळून बाटली मागं केली. मी सगळी प्यायलो. तिनं रिकामी बाटली बघितली.

"तुमी पाणी घेतलंच नाय?"

"नाय."

"आणि तहान लागली तर बोलायचं नाय?"

ती तशीच मान वळवून बसली होती, आणि लाट होडी वर खाली करत होती.

"मामा, मी पुढं बसते. मना मागचं दिसत नाय. तुमी बोलला नाय तर मी कसं समजू तुमी बसलाय का पडलाय?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आत्या एवढं बोलायच्या ते काय हौस म्हणून? दर वेळेला तुमचा आवाज येतो का ते बघायच्या. मना शिकवलं व्हतं त्यांनी. मीच केलं नाय. तुमी रागवाल म्हणून."

इतकी वर्षं मी बायकोला सांगत आलो की जरा गप्प बस.

परतीला सरांनी आमच्या होडीला दोरी लावली. ओढत नेलेलं मला आवडलं नाही, पण त्या दिवशी माझ्या आवडीला कोणी विचारत नव्हतं. किनाऱ्यावर बोंबीलवाली म्हातारी उभी होती. तिनं मला तिच्या पडवीत सावलीला बसवलं आणि नारळ फोडून दिला.

संध्याकाळी सगळे तिच्याच अंगणात जेवायला बसले. सर म्हणाले, उद्या सकाळी खाडीच्या आतच एक छोटी फेरी मारून मग घरी निघू. माझ्याबद्दल ते सरळ बोलले, आणि तेच मला चांगलं वाटलं. म्हणाले, दोन मार्ग आहेत. उद्या किनाऱ्यावर बसायचं, नाहीतर पुढच्या जागेवर बसायचं. जो माणूस आज कोसळला तो मागं नको, त्याच्यावर कोणाची तरी नजर पाहिजे. सुकाणू तुमची सून धरेल.

मी म्हटलं, "ती जागा माझी नाय."

सगळ्यांना माहीत होतं ती कोणाची. सून भाताचं पातेलं घेऊन वाढत होती. माझ्या ताटाशी आली आणि भात वाढता वाढताच म्हणाली, "माझी तरी कुठं व्हती. बसले ना?"

आणि पुढच्या ताटाकडं गेली. मी कालवण कालवलं आणि जेवलो. तिखट होतं. तिला म्हटलं, "उद्या माझ्यासाठी पण पाणी भर." वर्षभरात मी तिच्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. नर्सबाई दुसरीकडं बघून हसल्या ते मला दिसलं.

सकाळी भरती होती, पाणी वाळूवर वरपर्यंत आलेलं. मी लवकर उठून होडीजवळ गेलो. पाना सोबत आणला होता. पुढच्या पट्ट्या माझ्या पायांना लावून बघितल्या, एक खूण मागं घेतल्या, परत एक पुढं. मागच्या सुनेच्या मापाच्या केल्या. सर लांबून बघत होते, जवळ आले नाहीत. सून आली, तिनं माझ्या जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, एक पट्टा सैल होता तो घट्ट केला, इतका की मला श्वास आवरून घ्यावा लागला. बाटली माझ्या पुढ्यात बांधली.

मी पुढच्या खोबणीत बसलो. तिनं मागून होडी ढकलली, आणि होडी पाण्यावर आली.

समोर कोणाची पाठ नव्हती. हे मला आधी सुचलंच नव्हतं. इतके रविवार मी बायकोच्या जॅकेटच्या कडेनं पाणी बघितलं होतं, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. ती मात्र एवढं सगळं एकदम बघत होती. सपाट खाडी, पलीकडं कांदळवन, त्यावर ऊन नुकतंच पोचत होतं, आणि मधे काही नाही. म्हणून तर तिचं तोंड थांबत नसेल. दिसत होतं तेवढं ती मागं सांगत होती.

मी वल्हं घातलं. मागून सून म्हणाली, "मामा, सावकाश, मी ठेका तुमचा धरतेय." मी सावकाश केलं. थोडं पुढं गेलो तर पाण्यावर लहान लहान तरंगणारे गोळे ओळीनं दिसले. कोळ्यांनी जाळं टाकलं होतं. ती मागं, तिला माझ्या पाठीमुळं ते दिसणार नव्हतं.

"डावीकडं घे, पोरी," मी ओरडलो. "पुढं जाळं हाय. गोळे दिसतायत, पार त्या खुंटापर्यंत. अजून घे. अजून."

तिनं होडी वळवली.